फ्रँकफर्टमधला अनिश

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ७.१०

नवीन वर्षाची रोजनिशी आज सुरू. पहिले चार दिवस विचारपूर्वक कोरे सोडले आहेत.

संकल्प: या वर्षी कशालाही घाबरायचं नाही.

तसा मी घाबरत नाहीच. चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात काढली. खोटे वारस, मेलेल्या चुलत्यांच्या सह्या, एकाच जमिनीवर हक्क सांगणारे तीन-तीन भाऊ, सगळे माझ्या टेबलापुढे घाम पुसत उभे राहिले आहेत. माझा नियम एकच होता. आधी पत्ता बघायचा. पत्ता जुळला तर माणूस खरा. नाही जुळला तर अर्ज परत.

काल कट्ट्यावर सखारामने एक किस्सा सांगितला. सखाराम एसटीतून रिटायर झाला, त्याला सगळ्या गोष्टी आमच्या आधी कळतात. त्याच्या पनवेलच्या साडूला कुणीतरी पोलिसाचा ड्रेस घालून व्हिडिओ कॉल केला आणि ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून त्याच्याच बेडरूममध्ये दोन दिवस बसवून ठेवलं. बाहेरून कडी नव्हती, तरी तो बसून राहिला. सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर आमच्या बेडरूमची कडी तेवढी तपासली. व्यवस्थित आहे.

अनिशला घरून निघून सोळा दिवस झाले. एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजावर फोर्थ इंजिनिअर. डर्बनला जहाजावर चढला, तिथून बांगलादेशात चितगावला जायचंय. जाताना मोबाइलवर ‘घरचं खातं’ काढून दिलंय. तिघांना एकच पासवर्ड. तो तिकडून फोटो टाकणार, बोलणार, आम्ही इकडून बघणार. खात्याच्या सुरक्षेचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे. कुणी दिलं नव्हतं, पण वासंतीला यातलं काही कळत नाही.

७ जानेवारी, मंगळवार. सकाळी ११.००

खात्यात कोण कुठून शिरलं याची यादी असते. हे मी आज स्वतः शोधून काढलं. यादीत दोन नोंदी.

नागपूर.

फ्रँकफर्ट, जर्मनी.

आम्ही राहतो ते रत्नागिरी नाहीच. नागपूरला आमचं कुणी नाही. जर्मनीला तर नाहीच नाही.

काही वेळ खुर्चीवर बसलो. वासंतीने विचारलं, एवढा घाम कसला? म्हटलं, पोहे तिखट होते. ती म्हणाली, आज उपमा होता.

तिला काही सांगणार नाही. बायकामाणसं उगीच घाबरतात.

८ जानेवारी, बुधवार. दुपारी १२.३०

चोराची परीक्षा घेतली.

बरोबर ९.३० ला खात्यात शिरलो आणि यादी बघितली. नागपूर, ९.३०. बाहेर पडलो. ९.४७ ला अचानक शिरलो. नागपूर, ९.४७. मग ‘जरा बागेत जाऊन येतो’ असं मोठ्याने म्हटलं, दारापर्यंत गेलो, आणि न जाताच झटकन शिरलो. नागपूर, ९.५२.

माणूस तरबेज आहे. माझ्या प्रत्येक हालचालीवर त्याची नजर आहे.

उपाययोजना: पडदे ओढले. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर वासंतीची टिकली चिकटवली. टीव्हीवर टॉवेल टाकला. मागच्या दाराला आतून पाटा लावला.

कुकरची शिट्टी झाली तेव्हा हातातला कप पडला. कपाचा कान आधीच सैल होता.

९ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.००

शेजारच्या दर्शना मॅडमना बोलावलं. त्या इंजिनिअरिंग कॉलेजात नेटवर्किंग शिकवतात. बाई हुशार आहेत, पण हसतात फार.

म्हणाल्या, काका, नागपूरचा चोर तुम्हीच आहात.

मी शांतपणे खुलासा मागितला. त्यांचं म्हणणं असं की त्या यादीतलं गावाचं नाव हा नुसता अंदाज असतो. आपल्या मोबाइलला कंपनी एक नंबर देते, आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात त्याला. आपण इथे रत्नागिरीच्या शिरगावात बसलेलो असलो तरी कंपनीने तो नंबर नागपूरच्या खात्यावर दाखवलेला असू शकतो. म्हणून मी शिरतो तेव्हा नागपूर दिसतं.

म्हटलं, पत्ता म्हणजे पत्ता. तो चुकीचा असेल तर माणूस बरोबर कसा?

मग त्यांनी फळ्याशिवाय तास घेतला. इंटरनेटच्या या नंबराकडे सुरुवातीपासून दोन कामं आहेत. तू कोण आहेस हेही त्यानेच सांगायचं आणि तू कुठे आहेस हेही त्यानेच. कॉम्प्युटर टेबलावर खिळलेले होते तोवर ते चाललं. आता फोन खिशातून फिरतात. जागा बदलली की नंबर बदलतो, मग पलीकडच्याला वाटतं माणूसच बदलला, आणि चालू बोलणं तुटतं. म्हणून बरेच लोक कितीतरी वर्षं खटपट करतायत की ही दोन कामं वेगळी करावीत. ओळख एक, ती कायमची. ठिकाण दुसरं, ते बदलत राहील. आणि मध्ये कुणीतरी एक वही ठेवायची, अमुक ओळखीचा माणूस सध्या तमुक ठिकाणी आहे. वाटेवरच्या यंत्रांनी फक्त ठिकाण बघून निरोप पुढे ढकलायचा. कोण आहे ते शेवटच्या दोघांनी आपसात बघून घ्यायचं.

मी म्हटलं, आमच्या खात्यात सर्व्हे नंबर हीच जमिनीची ओळख आणि तेच तिचं ठिकाण. इतकी वर्षं झाली, एकाही जमिनीने तक्रार केली नाही.

बाई म्हणाल्या, काका, जमीन चालत नाही.

वासंती आतून हसली. तिला काय कळलं कोण जाणे.

शेरा: म्हणजे इंटरनेटमध्ये मुळातच दोष आहे हे तज्ज्ञांनीही मान्य केलं. माझा संशय योग्य होता. नागपूर प्रकरण तूर्त बंद. फ्रँकफर्ट प्रलंबित.

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ११.००

अनिशचा कॉल. रविवारी जहाजावर त्याला थोडा वेळ मिळतो. आवाज तुटत होता.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कुठे आहेस? म्हणाला, मॉरिशसच्या जवळपास. मी लगेच यादी उघडली. सकाळी आठला फ्रँकफर्ट. दहाला लंडन.

फ्रँकफर्टहून लंडनला जाऊन खात्यात शिरायला दोन तास. विमानतळावरची रांगच तेवढी असते. एक माणूस हे करू शकत नाही. सबब हे किमान दोन आहेत.

त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, बाबा, जहाजावरून सिग्नल वर सॅटेलाइटला जातो, तिथून खाली जमिनीवरच्या स्टेशनला येतो. यादीत दिसतो तो पत्ता त्या स्टेशनचा, माझा नाही. मी कुठेही असलो तरी मीच असतो ना?

दर्शना मॅडम जवळजवळ हेच बोलल्या होत्या. शिरगावातली बाई आणि भर समुद्रातला माणूस, दोघांच्या तोंडी एकच उत्तर. हे कसं? दोघांना कुणीतरी पढवलंय.

नंतर तो आईशी वीस मिनिटं बोलला. मी बाहेर आंब्याच्या कलमांवर मोहोर किती आलाय ते बघत होतो. एकच झाड परत परत बघितलं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

मोठी कारवाई केली. पासवर्ड बदलला. ‘सर्व ठिकाणांहून बाहेर काढा’ असं एक बटण असतं, ते दाबलं. फ्रँकफर्ट गेलं, लंडन गेलं. वासंतीही गेली. तिच्या मोबाइलवर अनोळखी नंबर वाजूच नयेत अशी व्यवस्था केली.

वासंती म्हणाली, माझ्या लेकाचे फोटो कुठे गेले? म्हटलं, सुरक्षित आहेत. म्हणाली, दाखवा. म्हटलं, सुरक्षित आहेत म्हणूनच दाखवता येत नाहीत.

तिळगूळ दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

अनिशला नवा पासवर्ड कळवायला हवा. पण तो अनिशच आहे याची खात्री होईपर्यंत कळवणं धोक्याचं. आणि पासवर्ड कळल्याशिवाय तो कॉल करू शकत नाही. विचार चालू आहे.

१८ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ५.३०

आज जयगडला जाऊन आलो. एवढं मोठं बंदर, जहाजांच्या पत्त्यांचं तिथे कुणालातरी माहीत असणारच. सकाळची एसटी पकडली.

गेटवरच्या वॉचमनने ओळखपत्र मागितलं. दिलं. त्याने ते उलटसुलट केलं आणि विचारलं, रवायला कुठं? म्हटलं, रत्नागिरी, शिरगाव. तो म्हणाला, ह्याच्यावं तर संगमेश्वर हाय.

आता आम्ही संगमेश्वर सोडून बावीस वर्षं झाली. आधार काढताना जुनं रेशनकार्ड जोडलं होतं, तो पत्ता बदलायचा राहून गेला. बदलणार होतो.

वॉचमन म्हणाला, मंग खरा पत्ता कुठला धरायचा?

माझा तोल गेला. म्हटलं, अरे, पत्ता बदलला म्हणून माणूस बदलतो काय? हा फोटो बघ. मी तोच आहे!

तो म्हणाला, तसं समदेच म्हंतात, काका. नि कार्ड परत दिलं.

अशा अडाणी माणसांच्या हाती सुरक्षा दिल्यावर या देशाचं काय होणार आहे!

परतीची गाडी आरे-वारेच्या रस्त्याने आली. वळणावर खाली समुद्र दिसला. लांब एक जहाज होतं. उभं होतं की चालत होतं ते कळत नव्हतं. गाडी वळेपर्यंत बघत होतो. शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का? म्हटलं, एसटीचा धूर.

२१ जानेवारी, मंगळवार. सकाळी ११.४०

आला! ज्याची वाट बघत होतो तो कॉल आला.

बाईचा आवाज. मराठी स्वच्छ. म्हणाली, मी अनिश यांच्या कंपनीतून सानिका बोलतेय. आपण त्यांचे वडील का? घाबरू नका.

‘घाबरू नका’ म्हणाली तिथेच ओळखलं. सखारामच्या साडूलाही पहिलं वाक्य हेच होतं.

पुढे म्हणाली, जहाजावर एक अपघात झालाय, अनिश धोक्याबाहेर आहे, पण बोलणं योग्य माणसाशीच होतंय याची खात्री करायची म्हणून त्याची जन्मतारीख सांगता का?

मी म्हटलं, बाई, आधी तुमचा पत्ता सांगा. म्हणाली, अंधेरी. मी नंबर बघितला. मुंबईचा ०२२ नव्हता, साधा मोबाइल होता. म्हटलं, पत्ता आणि नंबर जुळत नाही, तुमचा अर्ज फेटाळला आहे. ठेवून दिला. ब्लॉक केला. दुसऱ्या नंबरवरून आला, तोही ब्लॉक. तिसराही.

संपूर्ण विजय.

आज थंडी आहे. पंखा बंद केला. नंतर बघितलं तर पंखा चालू नव्हताच.

अपघात. हे लोक शब्द बरोबर निवडतात. आईबापांच्या नेमकं कुठे लागतं ते यांना ठाऊक असतं. वासंतीला यातलं काही बोललो नाही. दुपारी जेवलो नाही, कारण भूक नव्हती.

२२ जानेवारी, बुधवार. सकाळी ९.५०

अक्षर बिघडलंय. तरी आठवतं तोवर सगळं लिहून ठेवतो. पुढे पोलिसांना लागेल.

वासंती देवळात गेली होती. ८.५५ ला कॉल. नंबर परदेशी, सुरुवातीला अधिक चौऱ्याण्णव. चोराला बोलता करून पकडायचं असं ठरवून उचलला.

‘बाबा, मी अनिश.’

आवाज हुबेहूब. हल्ली यंत्रावर आवाज बनवतात, हे सखारामने सांगितलंय.

‘कुठून?’

‘कोलंबो. हॉस्पिटलमध्ये आहे. हात भाजलाय. बाबा, आईला द्या ना.’

‘फ्रँकफर्ट झालं, लंडन झालं, मॉरिशस झालं. आता कोलंबो?’

‘बाबा, माझ्याकडे वेळ कमी आहे.’

वेळ कमी आहे, असं हे लोक नेहमीच म्हणतात. घाई करायला लावायची पद्धत आहे ती. मी ठाम राहिलो. म्हटलं, जन्मवेळ सांग.

‘पहाटे चार बावीस.’

बरोबर होती. पण ती पत्रिकेत आहे, आणि पत्रिका आम्ही गेल्या वर्षी चार ठिकाणी दिली होती. ग्राह्य धरली नाही.

मग विचारलं, संगमेश्वरच्या आपल्या जमिनीचा सर्व्हे नंबर?

‘तो मला कधीच पाठ नव्हता, बाबा.’

खऱ्या अनिशला मी तो चाळीसदा तरी सांगितला असेल.

शेवटचा प्रश्न मी हुकमी काढला होता. लहानपणी मी तुला लाडाने काय हाक मारायचो?

पलीकडे मागे कुणीतरी बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मग तो म्हणाला, ‘तुम्ही नाही मारायचात. आई मारायची. तुम्ही ऑफिसात असायचात.’

उत्तर चुकीचं. माझ्याकडे बरोबर उत्तर होतं. म्हणजे आत्ता आठवत नाही, पण होतं.

मग तो म्हणाला, ‘बाबा, मी तोच आहे हो. फक्त जागा बदललीय.’

मी फोन बंद केला आणि तांदळाच्या डब्यात खाली खुपसून ठेवला.

वासंती प्रसाद घेऊन आली. फोन कुठाय म्हणून विचारलं. चार्जिंगला, म्हटलं.

आवाज फारच हुबेहूब होता.

२३ जानेवारी, गुरुवार. दुपारी ३.००

काल वासंतीने भाकऱ्या केल्या. भात आज लावला. सकाळी साडेदहाला तांदूळ काढताना फोन सापडला.

तिने चालू केला. चालू होताच वाजला. परत तेच अधिक चौऱ्याण्णव. मी उचलू नको म्हणून सांगेपर्यंत तिने उचलला होता.

तिने नंबर बघितला नाही. देश विचारला नाही. पलीकडून कुणी बोललंही नव्हतं अजून. ती म्हणाली, ‘बाळा, कुठे लागलंय तुला?’

मी खुणा करत होतो, जन्मवेळ विचार, जन्मवेळ विचार. तिने माझा हात झटकला.

ती सतरा मिनिटं बोलली. बरंचसं ‘हं’ आणि ‘हो रे’. मग फोन मांडीवर ठेवून रडली. मी म्हटलं, तो अनिशच कशावरून? न बोलता कसा ओळखलास? म्हणाली, बोलायच्या आधी नाक ओढतो तो. पहिल्यापासून.

दर्शना मॅडमना हाक मारली. त्यांनी अनिशच्या नेमणुकीच्या पत्रावर छापलेल्या नंबरला फोन लावला. सानिकाच बोलली. अंधेरीचीच आहे. ती परवापासून आम्हाला शोधत होती.

सोमवारी इंजिनरूममध्ये वाफेचा पाइप फुटला. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत भाजला. जहाज तेव्हा श्रीलंकेच्या दक्षिणेला होतं. बोटीने किनाऱ्यावर आणलं, तिथून कोलंबोला. ऑपरेशन बुधवारी सकाळी झालं. व्यवस्थित झालं.

ऑपरेशनला आत नेण्यापूर्वी नर्सने त्याला दहा मिनिटांसाठी फोन दिला होता.

त्याने माझा नंबर लावला. आईचा लागत नव्हता.

२४ जानेवारी, शुक्रवार

भीती वाटतेय. इथे लिहितो, कारण हे कुणी वाचत नाही.

कालपासून एकच विचार. तो आत गेला आणि परत आला नसता तर. शेवटचं बोलणं सर्व्हे नंबरावर झालं असतं.

पाच वेळा फोन लावला. उचलला नाही. वासंतीने लावला, पहिल्या रिंगला उचलला.

२७ जानेवारी, सोमवार. सकाळी ८.३०

शांतपणे विचार केला. त्या परिस्थितीत कुणाही जबाबदार माणसाने तेच केलं असतं. अनिशला सविस्तर मेसेज पाठवला. मुद्दा एक: डिजिटल अरेस्टचे वाढते प्रकार. मुद्दा दोन: फ्रँकफर्ट. मुद्दा तीन: माझी चौतीस वर्षांची सेवा. सगळं दोन वेळा वाचून दुरुस्त केलं. शेवटी ‘काळजी घे’ लिहिलं, मग ते मुद्द्यात बसत नव्हतं म्हणून काढलं, मग परत लिहिलं.

दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही. डाव्या हाताने टाइप करायला त्रास होत असणार.

आईला मात्र रोज लिहितो. छोटं छोटं असणार.

दर्शना मॅडमनी घरच्या खात्याचा पासवर्ड मागितला. मी तो अतिशय सुरक्षित जागी लिहून ठेवला आहे. जागा शोधतोय.

३१ जानेवारी, शुक्रवार

अनिशला उद्या विमानाने मुंबईला आणतायत. वासंती आज सकाळच्या गाडीने गेली, मुंबईत तिच्या भावाकडे उतरेल. मी निघायची तयारी केली होती. बॅग भरली होती. ती म्हणाली, तुम्ही घर सांभाळा.

बरोबर आहे. घर कुणीतरी सांभाळायलाच हवं.

पडदे सरकवले. टीव्हीवरचा टॉवेल काढला. पाटा जागेवर ठेवला. कॅमेऱ्यावरची टिकली निघता निघेना, नखाने खरवडली. अनिशच्या खोलीतली गादी उन्हात टाकली. उजव्या हाताला उशी लागेल म्हणून एक जादा आणून ठेवली, मग लक्षात आलं की पलंग भिंतीला लागून आहे आणि उजवी बाजू भिंतीकडे येते. पलंग फिरवला. एकट्याने. कंबर धरली आहे.

घरात फार शांत आहे. सखाराम फोनवर म्हणाला, येऊ का गप्पा मारायला? म्हटलं, नको, कामात आहे.

संकल्प: तो घरी आला की त्याच्याशी नीट बोलायचं. कागदावर मुद्दे काढून ठेवले आहेत.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २.००

स्टेशनवर एक तास आधी गेलो होतो. मुद्द्यांचा कागद खिशात होता.

गाडीतून आधी वासंती उतरली. तिच्यामागे एक वाळलेला, दाढी वाढलेला माणूस, उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत छातीशी बांधलेला. मी त्याच्या मागे बघत होतो, अनिश कुठे दिसतो का म्हणून. तेवढ्यात तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. क्षणभर मला खरंच कळलं नाही.

हे त्याला कळलं.

तो म्हणाला, ‘जन्मवेळ चार बावीस. पासपोर्ट दाखवू?’

मी मोठ्याने हसलो. फारच मोठ्याने. दोन हमालांनी वळून बघितलं. वासंती हसली नाही. अनिशही हसला नव्हता, असं नंतर लक्षात आलं.

मी बॅग घेतली. तो म्हणाला, राहू दे, जड आहे. मी सोडली नाही. रिक्षात तो बाहेर बघत होता. मुद्द्यांपैकी पहिला मुद्दा काढला, की रस्त्याचं काम अजून तसंच आहे. तो ‘हं’ म्हणाला.

घरी आल्यावर वासंतीने त्याला भात भरवला. एवढा सव्वीस वर्षांचा मुलगा तोंड पुढे करून खात होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला उभा होतो. पाणी त्याने मागितलं नाही.

खोलीत गेला तेव्हा म्हणाला, पलंग कुणी फिरवला? वासंती म्हणाली, तुझ्या बाबांनी.  तो त्या बाजूनेच झोपला.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी १०.४५

आज अनिश स्वतःहून माझ्याकडे आला. म्हणाला, बाबा, एक काम आहे. तुमचं अक्षर चांगलं आहे.

कंपनीचा फॉर्म. बरा झाल्यावर परत रुजू व्हायचं तर सगळी माहिती नव्याने भरून द्यायची, हाताने लिहून, सहीसकट. उजवा हात तीन महिने तरी चालणार नाही. मी चष्मा पुसला, शाईचं पेन काढलं, टेबल साफ केलं. चौतीस वर्षांत असे किती भरले त्याची गणती नाही. तो पलीकडे स्टुलावर बसला.

नाव, जन्मतारीख, पत्ता भराभर झालं. कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता असे दोन वेगळे रकाने होते. मी विचारलं, जहाजावर असशील तेव्हा सध्याचा काय लिहायचा? तो म्हणाला, तो बदलत राहतो, बाबा, तिथे काही लिहू नका. मी बरं म्हटलं. वाद घातला नाही.

मग पुढचा रकाना. आणीबाणीच्या प्रसंगी कोणाशी संपर्क साधावा. कंसात लिहिलं होतं, पूर्वी दिलेली व्यक्ती बदलायची असल्यास नवीन नाव द्यावे.

माझं पेन आपोआप ‘श्री’पर्यंत गेलं होतं. थांबलो. विचारलं, पूर्वी कोणाचं दिलं होतंस? तो म्हणाला, तुमचं.

मग म्हणाला, ‘आता आईचं लिहा.’

मी ‘श्री’च्या पुढे ‘मती’ जोडलं. श्रीमती वासंती. खाडाखोड करावी लागली नाही. नातं, आई. मोबाइल नंबर तिचा. तो मला पाठ नव्हता, अनिशने सांगितला.

खाली आणखी एक ओळ होती. पहिली व्यक्ती न सापडल्यास दुसरी व्यक्ती. मी पेन टेकवून थांबलो. घाई केली नाही. अनिश खिडकीतून बाहेर कलमांकडे बघत होता. म्हणाला, ‘ते राहू दे कोरं. नंतर बघू.’

सही त्याने डाव्या हाताने केली. वाकडी आली. मी कागद धरून ठेवला होता, हलू नये म्हणून.

सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यच आहे. वासंती पहिल्या रिंगला फोन उचलते. मीही तेच सुचवणार होतो.

तो उठून गेल्यावर फॉर्म पुन्हा एकदा तपासला. चूक कुठेही नाही. अक्षर चांगलं आलं आहे.